पुडी, काढा, टॉनिक: तुमच्या घरी काय झालं?

आईचं जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून अनुभव मागवतेय. गुडघेदुखीवर तिने आठवडी बाजारातून पुड्या आणल्या. करडी पूड, वर्तमानपत्राचा कागद, नाव ना गाव. चौथ्या दिवशी कठडा न धरता जिना चढली, आम्ही सगळे खूश. तीन महिन्यांत चेहरा गोल झाला, साखर वाढली, कातडी इतकी पातळ की बांगडी काढताना मनगट काळंनिळं व्हायचं. डॉक्टरांनी तोंड पाहूनच विचारलं, "मावशी, पुडी घेता का?" आत स्टिरॉइड असणार, म्हणाले. ते एकदम बंदही करता येईना, कारण बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. मात्रा हळूहळू उतरवावी लागली. झाडपाल्यावर माझा राग नाही. पोटात काय जातंय ते लपवतात, त्याचा आहे. चांगले अनुभवही लिहा.

ठाण्याहून: कोविडात रोज गुळवेलीचा काढा. दोन महिन्यांनी यांचे डोळे पिवळे. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह. काढा थांबवल्यावर यकृत सावरलं. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असेच रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवलं. आम्ही तर कुंपणावरची तोडून आणायचो, ती कुठली कोण सांगणार?

तैपेईहून: सहकाऱ्याची आजी डायलिसिसवर आहे. काही जुन्या चिनी औषधांतल्या वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. त्याने मूत्रपिंडं जातात, मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. तैवानने 2003 मध्ये अशा वनस्पतींवर बंदी घातली. "आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतात," आजी म्हणते. दुखणं वर्षांनी उमटतं, मग त्याचा संबंध औषधाशी कोण लावणार?

पुण्याहून, फार्मसी शिकवते: चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांची गोष्ट मी दरवर्षी सांगते. मलेरियावर चिंगहाव नावाची वनस्पती उकळून बघितली, गुण येईना. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून, पिळून रस प्या असं लिहिलेलं. म्हणजे उष्णतेने गुण जात असावा! त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला, आधी प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेतला. त्यातूनच आर्टेमिसिनिन मिळालं, 2015 चं नोबेलही. आपल्याकडे सर्पगंधेचं तेच: मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरच्या नोंदी 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात छापल्या, तेव्हा जग तिच्याकडे वळलं. मला अभिमान वाटतो तो या मोजून बघण्याचा.

नाशिकहून, मी वैद्य आहे: नाडी नंतर, आधी चालू गोळ्यांची पिशवी मागतो. गेल्या महिन्यात एकांनी "शक्तीचं" चूर्ण मागितलं, जिना चढताना छाती भरून येते म्हणाले. चूर्ण दिलं नाही, रिक्षात बसवून ईसीजीला पाठवलं.

पुन्हा मीच: आई आता काठी घेऊन चालते, साखर उतरलीय. काल शेजारच्या काकूंनी तिला हळूच विचारलं, तो पुडीवाला कुठे बसतो. आईने त्यांना आपलं मनगट दाखवलं.