उत्तर: हैबतराव नावाचा अर्थ

हैबतराव या नावातलं 'हैबत' संस्कृत 'भय'वरून आलं असं कुणी म्हणतं, ते पटत नाही. शब्द मूळचा अरबी, आपल्याकडे फारसीमार्गे आला, अर्थ धाक, दरारा, म्हणजे ज्याला बघून समोरचा वचकेल असा माणूस. दौलतराव, रुस्तुमराव, गुलाबराव ही सगळी त्याच दरबारी वळणाची नावं, पुढे आपला 'राव' लागला की झाली अस्सल मराठी. पण नाव फक्त लढवय्यांचं होतं असं नाही हां. आळंदीहून माऊलींची पालखी आजच्या स्वरूपात सुरू केली ती हैबतबाबा आरफळकरांनी, आधी शिंद्यांकडे सरदार होते, मूळ गाव साताऱ्याकडचं आरफळ. आळंदीला महाद्वारात त्यांची पायरी आहे, कार्तिकातला संजीवन समाधी सोहळा तिच्याच पूजेने सुरू होतो. मुलाचं ठेवायचं असेल तर बिनधास्त ठेवा, फार भारदस्त नाव आहे.