मुंबईहून क्रूझ आत्ता बुक करावी का थांबावं?

रावेरकर: आई-बाबांना घेऊन दिवाळीनंतर मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीप क्रूझचा विचार चाललाय, पण रोज वादळाच्या नाहीतर युद्धाच्या बातम्या येतात, वर फ्लाइट कॅन्सल होताहेत, त्यात केळीचा पैसा कधी हातात पडेल तेही नक्की नाही. आत्ता स्वस्त मिळतंय. काय करू?

भुसावळवाली ताई: कर की बुक, पण आधी कॅन्सलेशनचे नियम नीट वाच भो. कुठल्या तारखेनंतर किती पैसे कापतात, आणि परत देतात ते कॅश का क्रेडिट (म्हणजे पुढच्या बुकिंगलाच वापरता येणारे पैसे), इथेच लोकं फसतात. अजून एक, हवामान खराब झालं तर कंपनी बंदर बदलू शकते, तशी अट बुकिंगमध्येच असते, मग भांडून उपयोग नाही. लक्षद्वीपला आपल्यालाही परमिट लागतं, ते कोण काढणार ते एजंटला विचारून घे.

धुळेकर: इन्शुरन्स बुकिंगसोबतच घे. वादळाची बातमी आल्यावर घेतलास तर त्या वादळाचा क्लेम बहुतेक मिळत नाही. आईबाबांचे जुने आजार लपवू नको.

जळगावचा भाचा: आणि आदल्या दिवशीच मुंबईत पोहोच!! ट्रेन लेट झाली तर जहाज थांबत नाही कोणासाठी. सीएसएमटीहून बॅलार्ड पियर, म्हणजे क्रूझ सुटते तो धक्का, जवळच आहे, टॅक्सीने जा. नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात वादळं होतात कधीकधी, जानेवारी-फेब्रुवारी बरी.

रावेरकर: जानेवारीच बघतो मग. ताई, बाबांना बोटीवर भरीत मिळेल का विचारताहेत 😄

भुसावळवाली ताई: कळण्याची भाकरी बांधून ने त्यांना, बोटीवर चढायच्या आधीच खाऊ दे, बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत सहसा.