घरात टेप नाही, खिडकीचं माप कसं घेऊ? (बजेट १०० रु.)

जुळे_सोलापूर_नवा: भाड्याने फ्लॅट घेतलाय, हॉलच्या मोठ्या खिडकीला पडदे पाहिजेत. नवी पेठेतले दुकानदार म्हणतात इंचात माप आणा. १०० च्या आत टेप सुचवा, नाहीतर घरातल्या कुठल्या वस्तूने माप येईल ते सांगा. उद्या संध्याकाळी जायचंय.

अक्कलकोट_रोड: लेझरवाला घे बे, मी २२०० ला घेतलो, बटन दाबलं की माप. एकदाच पैसे घाल.

वीतभर: वितीने मोज की. माझी वीत बरोब्बर ९ इंच, आमची आजी सगळं वितीनं न हातानंच मोजायची.

सातरस्ता: वितीवर जाऊ नका हो, मी तसंच केलो. दर वितीला अर्धा इंच इकडंतिकडं होतं, ८ वितीत ४ इंच गेले, पडदा खिडकीच्या वरच लटकला आणि कापलेलं कापड दुकानदार परत घेतला नाही. ७०० रुपये गेले.

नोटवाला: ५०० ची नवी नोट १५ सेंमी लांब, ६.६ रुंद. एटीएम कार्ड ८.५६. झेरॉक्सचा ए-फोर कागद २९.७, फूट धरू नका, पाऊण सेंमी कमी पडतो.

अक्कलकोट_रोड: नोटेनं खिडकी मोजणार? लेझर घे.

फरशीवाला: दोन बाय दोनची टाइल असेल तर ती ६० सेंमीची असते, दोन फूट म्हणजे ६०.९६. दहा टाइल्सला साडेनऊ सेंमीच्या वर फरक.

वीतभर: खिडकीला टाइल्स असतात का?

होटगी_रोड: ८० चा टेप घेतलो, पुढचं टोक हलतंय, बोगस माल.

फरशीवाला: ते मुद्दाम हलतं ठेवतात, पत्र्याच्या जाडीएवढं. अडकवून ओढलं की बाहेर येतं, भिंतीला टेकवलं की आत जातं, म्हणून दोन्हीकडनं माप बरोबर येतं. टेप चांगलाय, टाकू नका.

चाटी_गल्ली: खिडकी नका मोजू, रॉड मोजा. चुण्या पाहिजेत तर कापड रॉडच्या दीड-दोन पट.

वीतभर: तेच सांगतोय, वितीने मोज.

जुळे_सोलापूर_नवा: सगळ्यांना थँक्यू, पण टेप पण नको न लेझर पण नको. रॉडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी धरून गाठ मारलो, उंचीची सुतळी वेगळी, तिला लाल दोरा बांधलोय म्हणजे अदलाबदल होणार नाही. दोन्ही घेऊन दुकानात जातो, इंच तेच मोजतील. दीडपट कापड सांगतो.

सातरस्ता: मोजताना सुतळी ओढून धरू देऊ नका, ताणते.