माळ घालाच, पण आधी डॉक्टर

"देवावर सोडलं की दारू सुटते" आणि "हे सगळं थोतांड" असे दोनच पक्ष 'दारू सोडायला श्रद्धेचा उपयोग होतो का' या चर्चेत दिसतायत, म्हणून थोडी भर. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हे दारू सोडू पाहणाऱ्यांचं, एकमेकांना आधार देणारं मंडळ १९३५ साली अमेरिकेत, अ‍ॅक्रन गावी सुरू झालं. दारूतून बाहेर पडायच्या त्यांच्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण 'ज्याला जसा उमजेल तसा'. कुणी विठोबा धरतो, कुणी येशू, आणि देव न मानणारा समोर बसलेल्या ग्रुपलाच मोठी शक्ती मानतो. चालतं.

आमच्याकडे माळ घालतात. माळकऱ्याला मटण-दारू दोन्ही बंद. श्रद्धा आहेच, पण माळ चारचौघांना दिसते हे जास्त कामाचं. गळ्यात तुळस बघून जुने दोस्तच म्हणतात, "त्याला नको रे, माळकरी झालाय." ही सोय कुठल्या गोळीत नाही.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकादशीचा मुहूर्त धरून एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट, जिवावरही बेततं. आधी डॉक्टरांच्या देखरेखीत औषधं, मग पंढरपूर. आणि पुन्हा प्यायला तर त्याला पापी ठरवून हाकलू नका. या आजारात घसरण होते, माळ परत घालता येते.