आखर ओस पडला, गायकी गेला. कोठ्यातल्या बारा जनावरांचे काय करावे?

प्रश्न: आखरावरचा शेतकरी (कारंजा घाडगे, जि. वर्धा)

नमस्कार. माझी सात एकर कोरडवाहू शेती आहे. चार एकरांत सोयाबीन, तीन एकरांत कपाशी आणि तिच्यात तुरीच्या ओळी, असे पेरे गेली बारा-तेरा वर्षे ठरून गेले आहेत. कोठ्यात पाच गाई, दोन बैल, तीन कालवडी आणि दोन गोऱ्हे अशी बारा जनावरे असून ती सगळी गवळाऊ या देशी जातीची आहेत. आजोबांच्या दावणीपासून चालत आलेले हे वाण आहे. गाय दिवसाला दोन-तीन लिटरच्या वर दूध देत नाही हे खरे, पण बैल उन्हात दम न लागता वखर ओढतात आणि आजवर त्यांच्यासाठी वेगळा चारा विकत घ्यावा लागला नव्हता.

पूर्वी सकाळी सहाच्या सुमारास गावातली ढोरे आखरावरच्या (ढोरे गोळा होण्याच्या जागेवरच्या) कडुनिंबाखाली जमत, गायकी (गावचा गुराखी) ती मोजून माळावर नेई आणि दिवेलागणीला परत आणून सोडी. तीन वर्षांपूर्वी तो थकला, त्याचा मुलगा बुटीबोरीला कंपनीत लागला आणि त्यानंतर गावाला गायकी मिळालेला नाही. मिळाला असता तरी त्याने ढोरे न्यायची कुठे, हाही प्रश्नच होता. माळाच्या एका अंगाला रोपवनाचे तारकुंपण पडले, दुसऱ्या अंगाला अतिक्रमणे सरकत आली आणि मधल्या पट्ट्यात तरोटा आणि रायमुनिया ही तणे माजली. बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाल्यानंतर त्या बाजूला ढोरे नेण्याची सोयही आमच्यापुरती संपली.

आता मार्चपासून सगळी जनावरे दावणीला आहेत. म्हाताऱ्या गाईपुढे सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) टाकले की ती आधी नाकाने फुरफुर करून धूळ उडवते, जिभेने पाला आणि शेंगांची टरफले तेवढी वेचते आणि दुपारपर्यंत गव्हाणीत जाड काड्यांचा ढीग एका बाजूला सारलेला दिसतो. मग ती दावे चघळत बसते. हे रोज पाहवत नाही.

घरात दोन मते आहेत. मुलगा म्हणतो, सगळी विकून दोन संकरित गाई घ्याव्यात. आई म्हणते, शेळ्या घ्याव्यात. गोऱ्हे आणि म्हातारे बैल गोवंश हत्याबंदीच्या २०१५ च्या कायद्यानंतर पूर्वीसारखे विकलेही जात नाहीत. अनुभवी मंडळींनी मार्ग सुचवावा.

उत्तर १: निवृत्त पशुधन पर्यवेक्षक (अमरावती)

भाऊ, संकरित की देशी हा वाद थोडा बाजूला ठेवून आधी चाऱ्याचा हिशेब मांडावा, असे मी सुचवीन. नोकरीच्या काळात शेकडो कोठे पाहिले. जनावरे किती हे प्रत्येकाला तोंडपाठ असे, चारा किती हे विचारले की मात्र लोक गंजीकडे बोट दाखवत.

गवळाऊच्या अंगलटीच्या मोठ्या जनावराला दिवसाला साधारण साडेसहा किलो कोरडा चारा लागतो. आपली सात मोठी जनावरे आणि पाच लहान, लहानांना अर्धे धरले तर साडेनऊ जनावरे होतात. म्हणजे रोजचे बासष्ट किलो. मार्चच्या सुरुवातीपासून जूनअखेरपर्यंत चार महिन्यांचे ७५ क्विंटल. आता आवक पाहा. चार एकर सोयाबीनचे कुटार, एकरी सहा-सात क्विंटल धरले, तर २५ क्विंटलच्या आसपास आणि तुरीचे चार-पाच. त्यातही जाड काड्या जनावर टाकून देते. सगळे मिळून तिसाच्या वर जात नाही. याचा अर्थ असा की आपल्या शेतावर उन्हाळ्यात चार मोठी जनावरे पोसली जातात, बाकीची आजवर माळावर पोसली जात होती. आपल्याला चारा विकत घ्यावा लागत नव्हता, कारण त्याची किंमत आखर आणि गायकी मिळून भरत होते.

पूर्वी हीच तूट ज्वारीचा कडबा भरून काढत असे. वऱ्हाडात ज्वारी गेली आणि तिच्याबरोबर कडब्याच्या गंज्या गेल्या, आणि हे नुकसान कुणाच्याच जमाखर्चात धरले गेले नाही. दोन एकरांत उंच वाढणारी ज्वारी घेतली तर एकरी २० ते २५ क्विंटल कडबा मिळू शकतो, म्हणजे आपली तूट जवळजवळ भरते. पण गावात एकट्याचेच ज्वारीचे वावर असले की पंचक्रोशीतली पाखरे, रोही (नीलगाई) आणि रानडुकरे तिथेच उतरतात. हे करायचे तर आठ-दहा जणांनी लागून असलेल्या वावरांत एकदम पेरावे. ज्वारी कोवळी असताना, विशेषतः पावसाने ताण दिलेली असताना, जनावर तिच्यात शिरू देऊ नये; त्या अवस्थेतल्या पानांनी विषबाधा होऊन जनावर तासाभरात दगावते.

कुटाराबद्दल सांगायचे तर ते नुसते टाकू नये. थोडा गूळ आणि मीठ पाण्यात विरघळवून त्यावर शिंपडावे, तासभर मुरू द्यावे, म्हणजे काड्या नरम पडतात आणि धूळही बसते. पाणी कमी आणि कुटार जास्त असे झाले की पोट गच्च होते. उन्हाळ्यात मोठ्या जनावराला दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी लागते, हे विसरू नये. युरिया प्रक्रिया मात्र सोयाबीनच्या कुटारावर करू नये. ती गव्हाच्या कुटारासाठी, कडब्यासाठी किंवा भंडारा-गोंदियाकडून आणलेल्या धानाच्या तणसासाठी आहे: १०० किलो चाऱ्याला चार किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून, प्लॅस्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचा. उघडल्यावर वास उडेपर्यंत पसरून मगच खाऊ घालायचा आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना द्यायचा नाही. युरियाचे पाणी बादलीत उघडे राहिले आणि जनावराने ते प्यायले, तर डॉक्टर पोहोचेपर्यंत वेळ हातात राहत नाही.

गाय दावे चघळते ते बहुधा स्फुरदाच्या कमतरतेमुळे असावे. क्षार मिश्रण रोज ३० ते ५० ग्रॅम सुरू करा आणि जंताचे औषध कधी दिले होते ते आठवून पाहा.

आपल्या मुलाच्या विचाराला मी नावे ठेवणार नाही, परंतु ४५ अंशांच्या उन्हात संकरित गाय सांभाळायची तर उंच छप्पर, बारमाही हिरवा चारा आणि ढेपेचा रोजचा खर्च आधी उभा करावा लागतो. विहिरीला एप्रिलमध्ये पाणी राहते का, एवढे एकच पाहावे. राहत नसेल तर पुढे बोलण्यासारखे काही नाही.

उत्तर २: बकरीवाली ताई (दारव्हा, जि. यवतमाळ)

माझ्याकडे अठरा बेरारी शेळ्या आहेत, म्हणून आईंच्या बाजूने लिहिते. परंतु आधी शेळीचे दुसरे अंग सांगते. पहिल्या वर्षी मृगाच्या सरी पडल्या, कोवळे गवत उगवले आणि मी आनंदाने शेळ्या सोडल्या. आठवड्यात चार गेल्या, त्यातल्या दोन गाभण होत्या. संध्याकाळी धडधाकट असलेली शेळी सकाळी ताठ होऊन पडलेली असे. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचायची असते हे मला तेव्हा कळले. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लसही चुकवू नये.

शेळीला तीस किलो वजनामागे दिवसाला एक-सव्वा किलो कोरडा चारा पुरतो आणि ती गवतापेक्षा झाडपाल्यावर जास्त जगते: हिवर, बोर, बाभळीच्या शेंगा, अंजन. आमच्याकडे ई-क्लासवर (गावाच्या चराईच्या जमिनीवर) हेच शिल्लक आहे. सुबाभूळ एकूण खाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नये, केस गळू लागतात. आणि शेळीमागे माणूस लागतोच. गायकी मिळत नाही म्हणून गाई विकून शेळ्या घेतल्या, तर उद्या शेळ्यांमागे कोण जाणार हे आजच ठरवा. आमच्या घरी ते मी ठरले.

उत्तर ३: निस्तार (चांदूर रेल्वे)

वरील हिशेब अचूक आहे. मात्र त्यात माळ गेलाच असे धरले आहे. मला ते मान्य नाही. आधी माळ कागदावर कोणाचा आहे ते पाहावे.

ताईंनी ई-क्लास म्हटले, तो शब्द वऱ्हाडातला. बेरारच्या जुन्या जमाबंदीत गावाच्या मोफत चराईची जमीन त्या वर्गात नोंदवली गेली आणि अमरावती विभागात आजही तेच नाव चालते. आपला वर्धा जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला. तिथे हा शब्द सातबाऱ्यावर शोधून हाती काही लागणार नाही. तिथे निस्तार पत्रक पाहावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ नुसार हे पत्रक गावासाठी केलेले असते आणि कोणत्या गटात कोणाची ढोरे कोणत्या अटीवर चरतील, हे त्यात लिहिलेले असते. कलम १६५ चे वाजिब-उल-अर्ज त्याला जोडून येते. वहिवाटीच्या वाटा आणि पाणी यांच्या नोंदी त्यात असतात. तहसिलातून दोन्हींच्या प्रमाणित नकला काढाव्यात. आमच्या गावच्या नकलेसाठी चार खेपा झाल्या आणि ‘असा कागदच नसतो’ हे उत्तर दोनदा ऐकले. पाचव्या खेपेला तो त्याच कपाटातून निघाला.

जमीन गायरान निघाली तर जगपाल सिंग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आणि त्यानंतर त्याच वर्षी निघालेला राज्याचा शासन निर्णय, हे दोन्ही अतिक्रमणाच्या विरोधात आणि गावाच्या बाजूने आहेत. झुडपी जंगल (सरकारी नोंदीतली झुडपांची जमीन) निघाले तर वाट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचे म्हटले आहे. पुष्कळांना हे ऐकून वाटते की आता चराई बंदच झाली. तसे सरसकट समजू नये. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये चराईचा हक्क, स्थायिकांचा आणि फिरस्त्या पशुपालकांचाही, स्पष्ट शब्दांत आहे आणि तो वनजमिनीवरच मागायचा असतो. आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि तिथेच बहुतेक दावे अडतात. आपल्या भागातल्या नंद गवळी कुटुंबांकडे जुन्या चराईच्या पावत्या असू शकतात. त्या पेटीतून बाहेर काढायला सांगा.

यात वेळ जाईल, हे कबूल करतो. येत्या उन्हाळ्यात या कागदांनी एक पेंढीही मिळणार नाही.

उत्तर ४: कापूसवाला (हिंगणघाट)

थोडे कडू लिहितो. आखर मोडला त्याला माझ्यासारखे कास्तकारही जबाबदार आहेत आणि त्यामागे कारणही आहे. पूर्वी उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) झाली की वावर ढोरांना मोकळे व्हायचे. मग आम्ही पाणी देऊन फरदड (त्याच झाडांवर कापसाचे पुढचे पीक) घेऊ लागलो, कपाशी मार्चपर्यंत उभी राहू लागली आणि मोकळी ढोरे शत्रू झाली. गावचा कोंडवाडा पडून आहे, त्यामुळे भांडण थेट माणसांत होते.

परंतु २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने फरदडीचा हिशेब चुकता केला. डिसेंबरअखेर कपाशी संपवावी आणि उरलेल्या बोंडांवर शेळ्या-मेंढ्या चाराव्यात, म्हणजे बोंडांतल्या अळ्याही संपतात, असे कृषी शास्त्रज्ञच सांगतात. म्हणजे ज्याला आम्ही हाकलले त्यालाच आता बोलवावे लागते आहे. गेली दोन वर्षे मी जानेवारीत मेंढ्यांचा कळप पाच रात्री वावरात बसवतो. मेंढपाळाला धान्य देतो आणि पऱ्हाटी (कपाशीची उभी झाडे) साफ होऊन खत पडते. आपणही कपाशीवाल्या शेजाऱ्यांशी बोलून पहा. जानेवारी-फेब्रुवारीत पन्नास-साठ एकर मोकळे झाले तर आपले कुटार पुढच्या महिन्यांसाठी तेवढे वाचेल. फक्त शेवटची फवारणी कोणती आणि केव्हा झाली ते विचारल्याशिवाय एकही जनावर आत सोडू नका.

आखरावरचा शेतकरी

सर्वांचे आभार. काल रात्री मुलाला घेऊन पर्यवेक्षक काकांचा हिशेब वहीत उतरवला. विहीर २० एप्रिलच्या पुढे जात नाही, तेव्हा संकरित गाईंचा विषय त्यानेच मिटवला. दोन कालवडी आणि एक गाय मावसभावाला देतो आहोत. त्याच्याकडे नदीकाठचा चारा आहे आणि वाण घरातच राहते. उरलेली नऊ म्हणजे मोठी सहा आणि लहान तीन, त्यांना साठ क्विंटल लागेल. एक एकर सोयाबीन कमी करून तिथे ज्वारी पेरायला चौघे तयार झाले आहेत, आठ झाले नाहीत. शेळ्या यंदा नकोत, कारण ताईंचे शेवटचे वाक्य वाचून आई बराच वेळ गप्प होती.

निस्तार पत्रकासाठी सोमवारी अर्ज देणार आहे. कुटारावर गूळ-मिठाचे पाणी शिंपडून आज पहिल्यांदा टाकले. म्हाताऱ्या गाईने काड्याही चावल्या, सगळ्या नाही, निम्म्या. दावे चघळणे अजून थांबलेले नाही. काका, क्षार मिश्रणाने किती दिवसांत फरक पडतो आणि गाभण कालवडीला तेच प्रमाण चालेल का, एवढे कृपया कळवावे.