बाबांच्या स्टुडिओतली हेलिओस लेन्स, विकू का ठेवू?

दारव्हा_वाला
नमस्कार मंडळी. आमच्या बाबांचा गावात फोटो स्टुडिओ होता, लग्नं, शाळेचे ग्रुप, पोळ्याला सजवलेल्या जोड्या, सगळे फोटो तेच काढायचे. बंद होऊन बरीच वर्षं झाली. परवा माळ्यावरची पेटी उघडली तर झेनिट कॅमेरा निघाला अन् त्याला हेलिओस ४४-२, ५८ एमएम एफ २. कॅमेऱ्याचं शटर अडकलंय, पण लेन्सची फोकस रिंग अजून इतकी छान फिरते की हातातून सोडवत नाही. यवतमाळला एका दुकानात दाखवली तर म्हणे हजार रुपये देतो, भंगारच आहे. माझ्याकडे सोनी ए६००० कॅमेरा आहे, किट लेन्सवाला, म्हणजे सोबत मिळालेली साधी लेन्स. आजच्या काळात याचा खरंच काही उपयोग आहे का?

रानवाटा
विकू नका भाऊ! मी चार वर्षांपासून हीच लेन्स वापरून राहिलो. सोव्हिएत युनियनमध्ये बनलेली आहे, मूळ डिझाइन जर्मनीच्या झाइस बायोटारचं. एम ४२ (या लेन्सचा आट्यांचा जोड) ते सोनी ई (तुमच्या कॅमेऱ्याचा जोड) अ‍ॅडॉप्टर घ्या, त्यात काचबिच काही नसते, नुसती पोकळ नळी, कारण या लेन्सला सेन्सरपासून ४५ मिमीच्या वर अंतर लागते अन् सोनीचं १८च आहे, मधली जागा नळीनं भरायची. कॅमेऱ्याला ही लेन्स ओळखू येत नाही, म्हणून मेनूत लेन्सशिवाय शटर चालू करायची सेटिंग ऑन करा, नाहीतर फोटोच निघणार नाही. ए६०००वर ती ८७ एमएमसारखी दिसते, चेहऱ्यासाठी एकदम बरोबर. एफ २, म्हणजे अ‍ॅपर्चर (उजेड आत यायचं भोक) पूर्ण उघडं ठेवून मागं थोडं लांब झाडाची पानं येऊ द्या, ती गोल फिरल्यासारखी दिसतात. तुमचा सेन्सर लहान, कडा कापल्या जातात, म्हणून मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याइतकं फिरणार नाही हे आधीच सांगतो. उन्हाकडे तोंड केलं की फोटो पांढुरका पडतो, काचेवरचं कोटिंग जुनं आहे, लेन्सपुढं ऊन अडवणारा हूड लावा.

वर्धा_वेडिंग
लेन्स चांगली आहे, पण लग्नाच्या कामात नेऊ नका. वरमाला दोन मिनिटांत होते, तेवढ्यात हातानं फोकस चुकला तर पुन्हा कोण हार घालणार? माझ्या एका नवरदेवाचा फोटो असाच गेलाय, अजून वाईट वाटते. व्हिडिओला मात्र मस्त, दुसरी अ‍ॅपर्चर रिंग क्लिक न करता फिरते.

काचघर
आधी लेन्स तपासा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं तर घाबरू नका, आपल्याकडं मे महिन्यात टिनाखाली ग्रीस पातळ होते, अन् या लेन्सची पाती हातानंच फिरतात, स्प्रिंग नाही, त्यामुळं अडत नाही. चामड्याच्या केसमधून मात्र आजच काढा, चामडं ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा अन् सिलिका जेल, बस. समोरच्या रिंगवरचा नंबरही पहा, बहुतेक वेळा पहिले दोन आकडे म्हणजे बनल्याचं साल.

दारव्हा_वाला
सगळ्यांचे आभार, अ‍ॅडॉप्टर काल आलं. आई अंगणात कडुनिंबाखाली तूर निवडत बसली होती, तिचाच पहिला फोटो काढला. पंधरा-वीस वाया गेले, ती जरा हलली की फोकस गेलाच. मग स्क्रीनवर डोळ्याच्या कडेला पीकिंगचा (फोकस बसलेल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लाल रंग येईपर्यंत थांबलो अन् दाबलं. पापणी न् पापणी दिसते, नाकातली चमकी दिसते, अन् मागची पानं तिच्याभोवती हलकी वळलेली. आई बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, हा तर तुह्या बाबानं काढल्यासारखा आला.

नंबर ७८ नं सुरू होतो. बाबांनी स्टुडिओ टाकला ८१ मध्ये.

विकत नाही आता. पण टॉर्च मारला तर आतल्या काचेच्या कडेला नखाएवढी जाळी दिसून राहिली. नागपूरकडं लेन्स उघडून नीट साफ करणारा कोणी भरवशाचा माणूस आहे का?