सेकंडहँड सीझेड ७५ बी घेतलं, पहिले अनुभव आणि थोडा सल्ला हवाय

प्लानोकर:
नमस्कार मंडळी. ग्रीन कार्ड आल्यापासून मनात होतं ते शेवटी केलं, एक वापरलेलं सीझेड ७५ बी पिस्तूल घेतलं. इथे टेक्सासमध्ये डॅलसच्या बाजूला राहतो, दुकानाच्या जुन्या मालाच्या कपाटात पडलेलं होतं, साडेचारशे डॉलरला मिळालं, फॉर्म भरला, बॅकग्राउंड चेक झाला आणि तासाभरात घरी. इजेक्शन पोर्टजवळच्या (रिकामं काडतूस बाहेर पडतं ती खिडकी) शिक्क्यात ९८ आकडे आहेत म्हणजे १९९८ चं असावं. काळा रंग कडांवर उडालाय, होल्स्टरमधून बरंच फिरलेलं दिसतंय, पण नळी आतून स्वच्छ आहे.

हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते वजन, सगळं पोलादी आहे, एक किलोच्या आसपास. मी आधी मित्राचं प्लास्टिक फ्रेमवालं (फ्रेम म्हणजे खालचा सांगाडा) ९ एमएम चालवलं होतं, त्यात प्रत्येक गोळीला मनगट वर उडायचं. याचा धक्का इतका मऊ आहे की पुढची साइट (नेम धरायची खूण) परत जागेवर येताना डोळ्यांनी दिसते. पकड तर अशी की कुणीतरी माझ्याच हाताचा ठसा घेऊन बनवलीय. मनापासून सांगतो, फार आवडलंय.

आता तक्रारी. एक तर स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) ओढायला बोटांना जागाच नाही, फ्रेमच्या आत बसते त्यामुळे धरायला जेमतेम पट्टी मिळते. दुसरं, बटण दाबलं तरी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) खाली पडत नाही, ओढून काढावं लागतं, ते बिघडलंय का? तिसरं, डबल ॲक्शनचा, म्हणजे ट्रिगर दाबूनच घोडा (हॅमर) मागे जातो तेव्हाचा, पहिला ट्रिगर लांबलचक आणि जड आहे आणि मध्येच खरखर लागते, त्यामुळे पहिली गोळी हमखास खाली डावीकडे जाते. ट्रिगरचं काम करून घ्यावं का? अजून काय बदलावं? आणि घरात सात वर्षांची मुलगी आहे, पुढच्या महिन्यात सांगलीहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत, बाबांना रेंजवर न्यायची खूप इच्छा आहे.

ह्यूस्टनचा_अभ्या:
अभिनंदन! माझ्याकडे हेच मॉडेल कित्येक वर्षं आहे. मॅगझिन बिघडलेलं नाही, ते बसतं त्या पोकळीत मागच्या बाजूला एक वाकवलेली पट्टी असते, ती मुद्दाम मॅगझिन अडवते, कारखान्यातूनच तसं येतं. सरळ पट्टी मिळते, नको असेल तर बदल, पण रेंजवर त्याने काही अडत नाही.

स्लाइडचंही तसंच, ती या पिस्तुलाची खासियत आहे. स्लाइड फ्रेमच्या बाहेरून न धावता आतल्या खाचांतून धावते, त्यामुळे ती खाली बसते, नळी हाताच्या जवळ येते आणि तुला जो मऊ धक्का जाणवतोय तो वजनाइतकाच याच्यामुळेही आहे. स्लाइड ओढू नकोस, ती घट्ट धरून दुसऱ्या हाताने पिस्तूलच पुढे ढकल, लगेच फरक पडेल.

ट्रिगरच्या कामावर आत्ता एक पैसा घालू नकोस. आधी हे कर: रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे आणणारी) नवी टाक, मॅगझिनच्या स्प्रिंगा नव्या टाक, एक जादा स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडवून धरणारा खटका) घेऊन ठेव कारण या पिस्तुलात मोडणारा भाग म्हटला तर तोच. जुन्या मालकाने किती राउंड (गोळ्या) मारले हे कधीच कळत नाही, आणि रिकॉइल स्प्रिंग साधारण ३ ते ५ हजार राउंडांनी बदलायची वस्तू आहे. हे सगळं मिळून एका चांगल्या जेवणाच्या बिलात होतं. उरलेले पैसे गोळ्यांवर घाल. हजारभर राउंड मारल्यावर खरखर बरीचशी आपोआप जाते, नाही गेली तर मग बघ.

अजून एक, यातल्या बी चा अर्थ फायरिंग पिन ब्लॉक, म्हणजे ट्रिगर दाबल्याशिवाय गोळीवर आपटणारी पिन पुढे जाऊ न देणारा अडथळा. बी मॉडेलमध्ये पिन अडवून धरणारी जी छोटी पोकळ खीळ असते ती रिकामं ट्रिगर दाबून दाबून चेपते आणि मोडते. घरी रिकामा सराव करणार असशील तर स्नॅप कॅप (डमी गोळी) घालूनच कर, आणि तुझं जुनं आहे तर ती खीळ एकदा काढून बघच.

एडिसनची_मीरा:
धागा वाचतेय. न्यू जर्सीवाल्यांसाठी मध्येच लिहिते, टेक्सासचं बघून इथे कुणी तसं करायला जाऊ नका. आमच्याकडे प्रत्येक हँडगनसाठी पोलिसांकडून वेगळं परमिट लागतं आणि १० च्या वर राउंडचं मॅगझिन ठेवणंच बेकायदा आहे, या सीझेडबरोबर येणारं १६ चं मॅगझिन नुसतं घरात असलं तरी गुन्हा. ऑनलाइन दुसऱ्या राज्यातून जुनं पिस्तूल घेतलं तर ते लायसन्सवाल्या डीलरकडेच येतं, त्याला आधी विचारा की सोबत १० चं मॅगझिन आहे का.

निवृत्त_सुभेदार:
प्लानोकर, छान वस्तू घेतलीस. आम्ही फौजेत इशापूरचं ९ एमएम चालवलं, ते मूळचं ब्राउनिंग, पण या चेक पिस्तुलाचं नाव तेव्हाही ऐकून होतो. कौत्स्की भावांनी ते १९७५ च्या सुमारास उहेर्स्की ब्रोदला बनवलं, आणि गंमत बघ, त्यांच्या देशाने डिझाइन गुप्त ठेवलं म्हणून बाहेर पेटंटच घेता आलं नाही. मग इटलीच्या टान्फोग्लिओपासून तुर्कस्तान-चीनपर्यंत सगळ्यांनी नकला केल्या, इस्रायलचं जेरिकोसुद्धा त्याच घराण्यातलं.

पहिली गोळी खाली डावीकडे जाते म्हणतोस, उजव्या हाताचा असशील तर ते पिस्तुलाचं नाही, तू धक्क्याच्या आधीच हात दाबतोयस. उपाय सोपा आहे. मित्राला सांग मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांमध्ये मध्येमध्ये स्नॅप कॅप भर, तू बघू नकोस. जिथे डमी येईल तिथे नळी कशी खाली डुचकते ते तुलाच दिसेल.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. तुझ्या मॉडेलला डीकॉकर (घोडा सुरक्षितपणे खाली उतरवणारा खटका) नाही. चेंबरमध्ये (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) गोळी असताना घोडा अंगठ्याने हळूच खाली सोडायचा प्रकार करू नकोस, अंगठा घसरला की गोळी सुटते. रेंजवर तुला त्याची गरजच नाही. मॅगझिन काढ, चेंबर रिकामं कर, डोळ्याने बघ, बोटाने चाचप, मग घोडा पाड.

नेमबाज_कोल्हापूर:
मी .२२ स्पोर्ट पिस्तूल मारते, आमच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सोनं मिळवलं तो २५ मीटरचा प्रकार. आमचा ट्रिगर कमीत कमी १ किलोचा असावा लागतो, तुमच्या सीझेडचा डबल ॲक्शन त्याच्या चौपट-पाचपट असणार, त्यामुळे त्याची तुलना मनातून काढून टाका. तुम्ही नुसती निशाणावर मारताय ना, मग घोडा मागे ओढून सिंगल ॲक्शनवर सुरुवात करा, डबल ॲक्शन नंतर वेगळा शिका. एका वेळी दोन ट्रिगर शिकायला गेलं की दोन्ही बिघडतात.

आणि तुम्हाला ७५ साठी .२२ चा वरचा भाग मिळतो, कॅडेट म्हणतात त्याला, स्लाइड-नळी-मॅगझिन सगळं बदलून खालची फ्रेम तीच राहते. .२२ ची गोळी ९ एमएमपेक्षा बरीच स्वस्त आणि धक्का नाहीच्या बरोबर. जुना कॅडेट सापडला तर सोडू नका. इकडे भारतात ९ एमएम सामान्य माणसाला लायसन्सवर मिळतच नाही, प्रोहिबिटेड बोअर (बंदी असलेला आकार) आहे, .३२ वर भागवावं लागतं, म्हणून तुमचं वाचून फार बरं वाटलं.

ह्यूस्टनचा_अभ्या:
+१ कॅडेटला.
बाबांना रेंजवर न्यायचं म्हणतोस, ते मात्र नीट ऐक. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक हातात घेणंसुद्धा फेडरल कायद्यात बसत नाही, रेंजवर भाड्याने घेतलेली असली तरी. वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट आहे, टेक्सासचं नॉन-रेसिडेंट लायसन्स ऑनलाइन मिळतं. ते काढल्याशिवाय बाबांना काचेमागून बघू दे.

नवा_बे_एरिया:
मी एच-वन-बीवर आहे, मलाही हीच हौस आहे. ग्रीन कार्डवाला एक मित्र म्हणतो मी माझ्या नावावर घेतो, तू वापर. असं चालतं का?

एडिसनची_मीरा:
अजिबात नाही, आणि कृपा करून मित्रालाही हे दाखवा. दुसऱ्यासाठी घेऊन फॉर्मवर स्वतःसाठी घेतोय लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. तुम्हालाही एच-वन-बीवर हंटिंग लायसन्सच्या सुटीशिवाय बंदूक बाळगता येत नाही. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर देशाबाहेर काढू शकतात, ग्रीन कार्डवाल्यालासुद्धा. दोन घरं उद्ध्वस्त होतील. हंटिंग लायसन्सच्या मार्गाने जायचं असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारा, आणि कॅलिफोर्नियाचे नियम त्यावर आणखी वेगळे आहेत.

निवृत्त_सुभेदार:
मीराताईंनी बरोबर सांगितलं.
त्यालाच जोडून: रेंजची बॅग वेगळी ठेवा, ती प्रवासाला कधीही वापरू नका. तळाशी राहिलेलं एक काडतूस मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर सापडलं तरी आर्म्स ॲक्टखाली केस होते. माहीत नव्हतं हे पटलं तर कोर्ट पुढे रद्दही करतं, पण तोपर्यंत सुट्टी, तिकीट, पासपोर्ट सगळं अडकतं. आई-बाबा परत जाताना तुझ्या घरातली कुठली बॅग घेऊन जातायत ते स्वतः बघ.

ऋतुजा_आयोवा:
मुलीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सात वर्षांच्या मुलाला कपाटाचा वरचा खण म्हणजे काही नाही, खुर्ची लावून पोचतात. बोल्ट केलेला लॉकबॉक्स घ्या, गोळ्या वेगळ्या कुलपात. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर जबाबदार तुम्हीच धरले जाता, पण कायदा राहू द्या, आजी-आजोबा घरात असताना दारं-कपाटं उघडी राहतात, किल्ल्या इकडेतिकडे पडतात, तेव्हा कोड फक्त तुम्हा दोघांनाच माहीत हवा.

आणि शिसं! इनडोअर रेंजवरून आलात की थंड पाण्याने आणि साबणाने हात-तोंड धुवा, ते कपडे वेगळे धुवा, मगच मुलीला जवळ घ्या. बूट दाराबाहेर. लहान मुलांना शिसं थोडंही नको. कानात आधी प्लग मग वर मफ, इनडोअरला दोन्ही हवेत.

प्लानोकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कुणी सांगत नाही. खीळ काढून बघितली, एका बाजूला चेपलेली आहे, त्यामुळे ती, रिकॉइल स्प्रिंग, मॅगझिनच्या स्प्रिंगा आणि स्लाइड स्टॉप एकदमच मागवले. ट्रिगरला हात लावत नाही. सुभेदार काका, तो डमीचा प्रकार केला, नळी खरंच खाली जाते, तुम्ही न बघता सांगितलंत! बाबांसाठी हंटिंग लायसन्सचं वाचतोय, त्यांनी एनसीसीत .३०३ मारलेली आहे, फार खूश होतील.

लॉकबॉक्स आलाय, क्लोझेटमध्ये बसवायचाय. ड्रायवॉलमध्ये (जिप्समच्या पातळ भिंतीत) नुसता स्क्रू चालेल का?

ह्यूस्टनचा_अभ्या:
नाही, ड्रायवॉल धरत नाही, बॉक्ससकट उपटून निघेल. मागचा लाकडी स्टड (उभा खांब) शोध, बहुतेक १६ इंचावर एक असतो, लॅग बोल्ट त्यातच मार. स्टड जुळत नसेल तर शेल्फच्या फळीत खालून आरपार बोल्ट आणि मोठे वॉशर.